हनुवटीच्या उंचीची फळी

“हनुवटीला फळी?” ईश्वरा सुतार गिरमीट खाली ठेवत म्हणाला. “मालक, रेकॉर्ड लावायची म्हंजे वरनं सुई दिसाय नको का? छातीखाली घ्या. नायतर टाचा वर करून लावाय लागंल रोज.”

“इथंच,” आमचे हे म्हणाले आणि भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवून उभे राहिले.

मी शाळेतून नुकतीच येऊन दारात थांबले होते. त्या दिवशी यांच्या कारखान्याला सुट्टी होती, माझी शाळा मात्र भरली होती. सकाळी जाताना घर जसं होतं तसं आता नव्हतं. बाहेरच्या खोलीतला माझ्या आईवडिलांचा फोटो खिळ्यावरून उतरवून कॉटवर ठेवलेला, जमिनीवर विटेचा भुगा, कोपऱ्यात दोन लोखंडी ब्रॅकेट आणि खिडकीशी टेकवून ठेवलेली सागाची एक जाडजूड फळी. मला कुणी विचारलं नव्हतं.

“अहो, हे काय चाललंय?” मी विचारलं.

यांनी मान वळवली नाही.

“वैनीसाहेब आल्या,” ईश्वरा म्हणाला आणि माझ्याकडे हात केला. तेव्हा यांनी वळून पाहिलं.

“फळी मारतोय. रेकॉर्ड प्लेअरला,” ते म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. इचलकरंजीत आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. मी, पद्मजा मगदूम, प्राथमिक शाळेत शिक्षिका. हे, भूपाल मगदूम, धनपालशेठच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सासरी कुणी उघड बोलत नसे, पण सणाला गेलं की जावा एकमेकींकडे बघत, आणि तेवढ्यानंही मला सगळं कळत असे.

फळी बसली. ईश्वराने पटाशीने भिंतीत भोकं पाडून लाकडी गुट्ट्या ठोकल्या, त्यात स्क्रू पिळले, फळीवर पाण्याची लेव्हल ठेवून डोळा बारीक करून पाहिलं. मग हे कॉटखालून तो रेकॉर्ड प्लेअर काढून घेऊन आले. शेठच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होता, शेठनी देऊन टाकला, असं ते आठवड्यापूर्वी म्हणाले होते. सोबत चार-पाच रेकॉर्ड. मला तेव्हाच नवल वाटलं होतं. या माणसाने नऊ वर्षांत कधी रेडिओचा कान पिळला नव्हता.

“खालचे रबराचे पाय चांगले हायती,” ईश्वरा म्हणाला. “नायतर फळीला हादरा बसून सुई थरथरती.”

यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ते चारही रबरी पाय काढून टाकले. प्लेअर नुसत्या लाकडावर ठेवला. ईश्वराने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि हत्यारं पोत्यात भरली.

तो गेल्यावर मी विचारलं, “प्लायवूडची फळी चालली नसती? एवढं सागाचं लाकूड कशाला? आणि ती उंची? माझ्या तर कपाळाला लागेल ती.”

उत्तर नाही. ते फळीच्या पुढच्या कडेवरून हात फिरवत उभे होते.

“मी तुमच्याशी बोलतेय!” मी ओरडलेच.

“ऐकलं,” ते म्हणाले. “ओरडतेस कशाला?”

खरं तर दीड वर्षापासून हे असंच चाललं होतं. मी काही विचारावं आणि यांनी समोरच्या भिंतीकडे बघत राहावं. दुसऱ्यांदा विचारलं तर “हं” म्हणावं. तिसऱ्यांदा ओरडलं की बरोबर ऐकू यायचं. जेवताना मी शाळेतलं काही सांगायला लागले की ते ताटात बघत जेवत राहायचे. पुढेपुढे मी सांगणं सोडलं. माझ्या आईने एकदा विचारलं होतं, “जावईबापू रागावलेत का गं?” मी म्हटलं, “कामाचा ताण आहे.” पण ताण असलेला माणूस असा नसतो, हे मला माहीत होतं. ज्याच्या मनात दुसरंच काही चाललेलं असतं तो असा असतो.

त्यानंतरच्या आठवड्यात हे डबा विसरून गेले. माझी शाळा अकराची, म्हणून मी दहाच्या सुमारास डबा घेऊन कारखान्यात गेले. आत चोवीस माग एकदम चाललेले. तो खडखडाट असा की छातीत हादरा बसतो. मी दारात उभी राहिले आणि हे मला लांबूनच दिसले. एका मागावर वाकून काहीतरी पिळत होते. पलीकडे कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायच्या यंत्रावर एक बाई बसली होती. मालन तिचं नाव, हे मला नंतर कळलं. तिशीची असेल, नवरा वारलेला, कपाळ मोकळं, केस चापून बसवलेले. तिने हातातलं काम न थांबवता काहीतरी म्हटलं. हे तिच्यापासून चांगले चार हात लांब होते, पाठमोरे होते. तरी यांनी त्याच क्षणी मान वर करून काहीतरी उत्तर दिलं आणि दोघंही हसले.

मी डबा दारातल्या माणसाकडे दिला आणि निघाले.

चोवीस मागांच्या आवाजात, पाठमोऱ्या उभ्या असलेल्या या माणसाला तिचं बोलणं ऐकू येतं. आणि घरात, एवढ्या शांततेत, माझी हाक ऐकू येत नाही. शाळेत पोहोचेपर्यंत मी रस्ताभर एवढाच विचार करत होते. त्या दिवशी दुसरीच्या पोरांना मी काय शिकवलं, देव जाणे.

मग शेजारच्या चंपावैनींनी आणखी भर घातली. आमची त्यांची भिंत एकच.

“बाई, दुपारी तुमच्यात गाणं लागतं हो,” त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. “दार मात्र आतनं बंद असतं. मी एकदा साखरेला आले होते. कडी वाजवून वाजवून दमले. आत सनई चाललीय, पण दार काय कुणी उघडंना.”

“झोपले असतील,” मी म्हटलं.

“सनई लावून?” त्या म्हणाल्या आणि तांदळातला खडा काढून लांब टाकला.

यांची पाळी सकाळी सात ते दुपारी तीन. मी घरी येते साडेपाचला. मधले दोन तास घर यांचं एकट्याचं. त्या संध्याकाळी मी केर काढायच्या निमित्ताने फळी नीट पाहिली. पुढच्या कडेला, डाव्या कोपऱ्याजवळ, लाकूड काळपट झालं होतं. बोट लावलं तर तेलकट. वास घेतला. डोक्याच्या तेलाचा होता. आणि तो डाग माझ्या कपाळाच्या उंचीवर होता. माझ्याएवढी एखादी बाई तिथे उभी राहून फळीला डोकं टेकून गाणं ऐकत असेल, तर डाग नेमका तिथेच पडेल, असं मला वाटलं. फडक्याने पुसायला गेले तर त्याच्या शेजारी लाकडात बारीक खोलगट खुणा दिसल्या, नखं रुतल्यासारख्या. मी फडकं टाकून आत गेले आणि मोरीत तोंडावर पाणी मारत बसले.

मी यांना काहीच विचारलं नाही. विचारून उत्तर मिळणार नव्हतंच. मी सरळ धनपालशेठच्या बायकोकडे गेले. कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर त्या राहायच्या. सगळे त्यांना काकी म्हणायचे. मंदिरात आमची गाठ पडायची, त्यांना माझ्याबद्दल आदर होता. शिक्षिका म्हणून असेल.

“काकी, खाली कांड्यांवर जी मालन आहे,” मी म्हटलं, “तिचं वागणं बरोबर नाही. मी जास्त बोलत नाही. तुम्ही समजून घ्या.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं. “भूपालशी?”

मी मान खाली घातली. मी “हो” म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

“तू काळजी करू नकोस,” त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी हे कामावरून आले आणि जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही दोन घास खाऊन उठले. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “कारखान्यातल्या एकीला कामावरून काढलं.” आणि हात धुवायला गेले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? एका बाईच्या घरातली चूल बंद पडत असताना मला आत कुठेतरी गार वाटलं. पण पाठोपाठ हेही वाटलं की तिच्यासाठी जेवण टाकणारा हा माणूस आता तिला घरी बोलावेल. तो मंगळवार होता. बुधवारी मी हेडबाईंना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन साडेतीनला गल्लीत शिरले.

सनई ऐकू येत होती. दार आतून बंद. मी कडी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा हाताने दार थोपटलं. सनई चालूच. मग मी बाजूच्या बोळात गेले आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून आत पाहिलं.

आत कुणीही बाई नव्हती.

हे एकटेच भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन्ही तळवे भिंतीवर टेकवलेले. फळीची पुढची कड यांनी दातात धरली होती. कुत्रा हाड धरतो तशी घट्ट. कपाळाची एक बाजू वर प्लेअरच्या खोक्याला लागलेली. डोळे मिटलेले आणि चेहरा असा की मला क्षणभर वाटलं, हा दुसराच कुणी माणूस आहे. देवासमोर उभं राहूनही त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. हा माणूस वेडा झालाय.

मागच्या दाराची कडी बाहेरून सळई घालून निघत असे. मी तशी आत आले. चालले, भांड्याला पाय लागला, तांब्या घरंगळला. ते हलले नाहीत. मी अगदी मागे जाऊन उभी राहिले. “अहो,” म्हटलं. मग जरा मोठ्याने, “अहो!” नाहीच. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा ते एवढे दचकले की कोपर प्लेअरला लागलं आणि सुई रेकॉर्डवरून करकरत गेली.

“दार वाजवायचं की!” ते म्हणाले. ओठ पुसत होते. ओठाला लाकडाचं कुसळ लागलं होतं.

“वाजवलं. तीनदा.”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. आणि मग कॉटवर जाऊन बसले.

“वाजवलंस,” ते म्हणाले. “असेल.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“ऐकू येत नाही तुम्हाला,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं. आधी उजवा गेला. आता डावाही चाललाय.” त्यांनी हात चोळले. “मिरजेच्या डॉक्टरला दाखवलं. कानातलं एक बारकं हाड गोठत जातंय, म्हणाले. माग गंजून अडकतो ना, तसं. मोठ्यानं बोललं की ऐकू येतं. हळू बोललेलं जातं.”

“मग कारखान्यात? तिथे तर मी स्वतः...”

“तिथं येतं.” ते पहिल्यांदाच जरा हसले. “तिथं सगळी माणसं ओरडूनच बोलतात की. आणि तो खडखडाट तुम्हाला लागतो तसा मला लागत नाही. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असंच होतं. गोंगाटात शहाणा, घरात बहिरा.”

“आणि हे?” मी फळीकडे हात केला.

“माग कुठं घासतोय ते बघायला आम्ही लाकडाची दांडी एका टोकाला मशीनला लावतो, दुसरं टोक दातात धरतो. हाडातनं आवाज येतो, कान लागत नाही. एकदा तसं करताना वाटलं, माग ऐकू येतो, तर गाणं का नाही येणार?” ते थांबले. “अगं, सनई जशीच्या तशी ऐकू येते. खालचा सूर धरणारा असतो ना, तोसुद्धा. दात दुखले की वाकून कपाळ टेकतो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“आमच्या अण्णांना चाळिशीत असंच झालं. गावातली पोरं मागनं दगड मारायची. लागला की मग ते वळायचे, आणि पोरं हसायची. मीही एकदा हसलो होतो त्या पोरांबरोबर.” त्यांनी मान खाली घातली. “आणि जॉबरला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण कामावर ठेवंल? डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. पण बिघडलं तर आहे तेही जाईल. म्हणून म्हटलं, आधी मन भरून ऐकून घ्यावं.”

मग मालनचं नाव त्यांनीच काढलं.

“कारखान्यात फक्त मालनला कळलं होतं. मी न सांगता. माग बंद असताना शेठ मागनं हळू हाक मारायचे, तर ती समोरनं हात वर करून खूण करायची. तिच्यामुळं दीड वर्ष निभावलं. आणि परवा तिला काढलं. काकींच्या कानात कुणीतरी काहीतरी भरवलं म्हणे. दोन पोरं आहेत तिला.”

मी मान खाली घातली. “मीच सांगितलं काकींना,” मी म्हटलं.

“काय?”

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, नेहमीसारखे. त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि मान खाली असल्याने माझे ओठही त्यांना दिसले नव्हते.

तो क्षण मला आजही जसाच्या तसा दिसतो. मी बोलले होते. ते कुणापर्यंत पोहोचलं नव्हतं. आता “काही नाही” म्हटलं की संपलं. ओरडून सांगावं तर भिंतीपलीकडे चंपावैनी. मी स्वतःला म्हणत होते, ऑपरेशन होऊ दे, मग सावकाश सांगू. आत्ताच हा माणूस इतका मोडलाय. अशी सगळी चांगली चांगली कारणं माझ्या डोक्यात भराभर येत होती, आणि मला कळत होतं की ही कारणं मी माझ्यासाठी शोधतेय.

मी उठले. प्लेअर बंद केला. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून फळीच्या उजव्या टोकाशी ठेवलं आणि त्यावर चढले.

“काय करतेस?”

मी डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ते गोंधळले, पण आले. फळीची कड दातात धरली. मी माझी हनुवटी दुसऱ्या टोकाला घट्ट टेकवली. लाकूड गार होतं. आणि मी अगदी हळू, चंपावैनींना तर नाहीच, मलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं, “मालनला मी काढायला लावलं. मला वाटलं, तुमचं तिच्याशी काहीतरी आहे.”

ते हलले नाहीत. दात लाकडावर तसेच. डोळे माझ्याकडे वळले.

मग तोंड सोडवून म्हणाले, “पुन्हा बोल.”

मी पुन्हा बोलले. शब्द न शब्द तोच.

ते फळीला धरून उभे होते. “दीड वर्षानं तुझा आवाज ऐकला,” ते शेवटी म्हणाले. “तुझा खरा, हळू बोलतेस तो. आणि ऐकला तर हे.”

त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. दिवेलागणीला परत आले. जेवले. झोपायच्या आधी म्हणाले, “उद्या दोघं जाऊ तिच्याकडं.”

दुसऱ्या दिवशी आधी मी एकटी काकींकडे गेले आणि जे खरं होतं ते सांगितलं. काकी म्हणाल्या, “अगं, पण तू शिकलेली बाई.” आणि मालनला परत कामावर यायला सांग, एवढंच म्हणाल्या. यांनी त्याच दिवशी शेठना आपल्या कानांचं सांगून टाकलं. शेठ मोठ्याने हसले म्हणे. “या खडखडाटात धडधाकट माणसाला तरी कुठं ऐकू येतंय? तू माग बघ.” एवढ्यासाठी दीड वर्ष हा माणूस जीव मुठीत धरून जगला होता.

मालन ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहायची. आम्ही गेलो तेव्हा दारात धुणं वाळत घालत होती. यांना बघून हसली. मला बघून हसणं गेलं. मी सगळं सांगितलं. हात जोडले. काकींनी परत बोलावलंय, असंही सांगितलं.

“येत्या सोमवारपासनं मी दुसऱ्या कारखान्यात लागतेय,” ती म्हणाली. “लांब पडेल, पण जाईन.” ओल्या लुगड्याचा पिळा तिने झटकला, तारेवर टाकला. “बाई, तुम्ही वाईट बोलला त्याचं काय नाही. लोक बोलतातच. पण मी तुमच्या गल्लीतनं रोज जात होते. एकदा थांबवून विचारायचं तरी.”

यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने हातानेच “राहू द्या” अशी खूण केली. आम्ही परत आलो.

पुढच्या हिवाळ्यात यांच्या डाव्या कानाचं ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. उजव्याला आम्ही हात लावू दिला नाही. पट्टी काढली त्या दिवशी ते मला म्हणाले, “जरा हळू बोल.” मी एवढी हसले आणि एवढी रडले की नर्स धावत आली. त्यानंतर घरात आम्ही दोघं खूप बोलायला लागलो. पण मधल्या त्या दुपारचं कधी निघालं की ते उठून काहीतरी काम काढायचे. माफ केलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिलीचे प्रवेश माझ्याकडे होते. रांगेत मालन उभी होती, हाताशी धाकटी पोर. वस्तीच्या जवळची शाळा आमचीच, तिला दुसरी नव्हती. माझं टेबल आलं तेव्हा तिने पोरीचा जन्माचा दाखला माझ्यासमोर ठेवला. मी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पालकाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं.

“झालं का?” तिने विचारलं.

“झालं.”

तिने दाखला घडी करून कनवटीला खोचला. पोरीला वर्गाच्या दिशेने ढकललं आणि मग माझ्याकडे वळली.

“हिचं काही कमीजास्त वाटलं, कुणी काही सांगितलं,” ती म्हणाली, “तर मला बोलवायचं, बाई. मला विचारायचं.”

“हो,” मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. रांगेतली पुढची बाई खोळंबली होती.

“तुम्हालाच विचारेन,” मी म्हटलं, तेव्हा ती गेली.